व्हॉल्व्हची ऊब

अहमदनगर,
१२ सप्टेंबर १९७२

चि. योहानास, ताईचा सप्रेम सलाम व आशीर्वाद.

वि. वि. देवाच्या दयेने आम्ही दोघी सासू-सुना ठीक आहोत. पाऊस नाहीच. पाण्याच्या टँकरचा आवाज आला की शाळेतली मुलं धड्यावरून उठून पळतात, आणि मीही अडवत नाही.

ईस्टरनंतर तुझे दाजी गेले, तेव्हापासून त्यांचं संगीताचं सामान बैठकीत तसंच पडून आहे. दोन्ही स्पीकरची सागवानी खोकी त्यांनी स्वतः रंधा मारून केलेली. रेकॉर्ड प्लेअर परदेशी परतणाऱ्या पाद्रीसाहेबांकडून घेतला. चांगला अ‍ॅम्प्लिफायर तेवढा घ्यायचा राहिला. घरी जोडलेल्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या पेटीवर ते भागवत. तिचा डावीकडचा आवाज आता येतो-जातो. त्यांचं हे एक तरी पुरं व्हावं असं वाटतं. तू रेडिओच्या दुकानात असतोस, तूच ऐकून निवड.

आणखी एक, हसू नकोस. मी शाळेतून यायच्या आधी हे पेटी सुरू करून ठेवत. थंड व्हॉल्व्ह नाकात गातो, म्हणत. आताही मी घरी येते तेव्हा पेटी सुरू असते, चांगली तापलेली. सासूबाईंना तर तबकडीचा आवाजच सोसत नाही, त्या मागच्या अंगणात असतात. त्यांना विचारायला धीर होत नाही. हो म्हणाल्या तर काय, आणि नाही म्हणाल्या तर काय?

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मरियमताई


मुंबई,
२१ सप्टेंबर

ती. ताईस, बालके योहानचा सलाम.

वि. वि. दोन नग ऐकून ठेवलेत. एक बोटीने मायदेशी गेलेल्या साहेबाचा, व्हॉल्व्हचा, उचलायला हमालच लागेल. दुसरा नवा, ट्रान्झिस्टरचा. दोन्हींवर एकच तबकडी लावून पाहिली. व्हॉल्व्हवर गाणारी बाई जवळ येऊन बसते, तिने श्वास घेतलेलाही कळतो. पण गाणं थांबलं की खोलीत बारीक गुणगुण उरते. ट्रान्झिस्टर बटण दाबताच गातो, थांबला की अगदी गप्प, आणि अंगाला हात लावावा तर थंडगार. माझं मत त्याला. दाजी असते तर यावरून माझ्याशी दिवसभर भांडले असते.

गरम पेटीचं म्हणशील, तर तू सकाळी बटण बंद करायला विसरतेस. आमटीत दोनदा मीठ घालणारी माझी बहीण मला ठाऊक आहे. निघताना भिंतीतला प्लगच काढून ठेव, म्हणजे उलगडा होईल. सासूबाई अजून मला मुंबईचा वाळका म्हणतात का?

रागावलीस तर चार ओळी जास्त लिही.

तुझा,
योहान


अहमदनगर,
६ ऑक्टोबर

चि. योहानास, सलाम व आशीर्वाद.

तू सांगितलंस तसा प्लग काढून गेले. परतले तर प्लग लावलेला, आणि पेटीच्या जाळीतून नारिंगी उजेड. तो सगळा आठवडा असंच चाललं. भीती वाटली नाही, हे तुला खोटं वाटेल. उलट मी शाळेतून भराभर चालत येऊ लागले.

सोमवारी सासूबाई अचानक काष्टीला लेकीकडे गेल्या. कारण विचारलं तर पिशवी भरत राहिल्या, माझ्याकडे पाहिनात. आता कुलूप मी लावते, किल्ली माझ्याकडेच असते. बैठकीचं दार मात्र लोटून घेतलंय आणि मागच्या दाराने ये-जा करते. आत पेटी तापलेली असेल तर ते आहेत. थंड असेल तर नाहीत. योहान, मला दार उघडवत नाही.

तुझा ट्रान्झिस्टर इतक्यात धाडू नकोस. तो कायमच थंड असणार.

तुझी,
ताई


मुंबई,
११ ऑक्टोबर

ती. ताईस सलाम. दोन्ही नग मालकाने माझ्या शब्दावर राखून ठेवलेत, त्याची घाई नाही. तू आधी काष्टीला जा. म्हातारी माणसं उगाच पिशवी भरत नाहीत. योहान.


अहमदनगर,
१९ ऑक्टोबर

चि. योहानास, आम्हा दोघींचा सलाम.

काष्टीला गेले ते बाजाराच्या दिवशी. सासूबाई ओसरीवर ज्वारी निवडत होत्या. आधी त्यांनी माझ्यापुढेही सूप सरकवलं. मग म्हणाल्या, की दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी दावीदनं त्यांना ते काळं बटण दाखवलं हुतं; मरियम दमून येती, तवा पेटी तापलेली असू दे, म्हणाला हुता. त्यातलं त्यांना काही कळत न्हाई, पण लेकाचं शेवटचं सांगणं. म्हणून रोज बटण दाबून त्या पेटीजवळ बसत. गाण्यानं डोकं उठतं, पण गाण्याआधीची गुणगुण त्यांना लई गोड वाटती. तान्हा असताना दावीद झोपेत अशीच करायचा. माझी पावलं वाजली की अंगणात जात, सून हसू नये म्हणून.

मग एक दिवस वायर उपटलेली दिसली. त्यांनी लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उपटलेली. रोजच तसं होऊ लागलं, तेव्हा त्यांना वाटलं, दावीदच सांगतोय, की आई, आता पुरं, जा तू.

प्लग मी काढत होते, हे मी त्यांना सांगून टाकलं. ऐकून त्यांनी हातातली ज्वारी सुपात टाकली. मग हळूच म्हणाल्या, की मंजी त्यो नव्हताच म्हण की. तेच मीही त्यांना म्हणू शकले असते.

संध्याकाळच्या एस.टी.ने दोघी घरी आलो. बैठकीचं दार त्यांनीच ढकललं. पेटी अंधारात होती. दोघींनी तिच्यावर हात ठेवले, शाळेतल्या पाटीसारखी थंड लागली. सासूबाईंनी बटण दाबलं. तबकडी लावलीच नाही. गुणगुण सुरू झाली तसे त्यांनी डोळे मिटले, आणि मी जाळीवरचा हात काढला नाही.

तू व्हॉल्व्हवालाच पाठव. हमाल आम्ही पाहू. आणि त्याची ती गुणगुण दुकानात कोणाला दुरुस्त करू देऊ नकोस. घरात ती ऐकणारं माणूस आहे.

मुंबईच्या वाळक्याला सासूबाई सलाम सांगतात. लोभ आहे तसाच धगीला राहू दे.

तुझी,
मरियमताई