उजव्या हाताची पकड

१४ जाने., बुध.
क्लिनिकला बैलांच्या सर्कशीचं काम मिळालं. सर्कस म्हणायचं नाही, त्यांचा मॅनेजर चिडतो. "मॅडम, प्रोफेशनल बुल रायडिंग. स्पोर्ट आहे." बरं बाबा, स्पोर्ट. अस्करच्या रस्त्याला, अॅल्युमिनियमच्या कारखान्याच्या अलीकडे वाळूत मांडव ठोकलाय. बैल विमानाने इथे आखातात आले. आम्ही वसईला जायचं तर स्वस्त तिकिटाची वाट बघत वर्ष काढतो.
डॉ. नासिर (क्लिनिकचे मालक आणि आमचे एकुलते एक डॉक्टर) म्हणाले, "ग्लोरिया, फिजिओ तू एकटीच. तिथं तुलाच बसायला लागेल. मोठी टूर आहे गो, हातची जाता कामा नये. यल्ला, लाग कामाला." म्हसळ्याचा माणूस. गोड बोलून गोणी उचलायला लावतो.
उजवा अंगठा आज परत सकाळपासून ठणकतोय.

१६, शुक्र.
चर्चला मिस्सा उरकून थेट मांडव. पहिल्यांदाच पाहिलं. लोखंडी पिंजऱ्यात बैल, त्याच्या पाठीवर माणूस. एक हात दोरात, दुसरा हवेत. फाटक उघडलं की आठ सेकंद टिकायचं. हवेतला हात बैलाला लागला तरी बाद. टिकलाच तर मार्क, त्यातले निम्मे बैलाचे. बैलाला मार्क! पप्पांचा बैल जन्मभर रहाटाला गोल फिरला, त्याला कुणी पास केलं नाही.
विन्सी फुकटच्या पासवर आलेला. माझा नवरा, हॉटेलात अकाउंट्स बघतो, घरी सोफ्यावरून उठताना "आई गं" म्हणतो. इथे खुर्चीवर उभा राहून शिट्ट्या. येताना गाडीत म्हणे, "त्यात काय, बॅलन्सचा खेळ आहे." घरी आल्यावर सिलिंडर बदलायला सांगितला, तर कंबर धरली.

१८, रवि.
एकेक रायडर टेबलवर घेतला. घोड्याला निदान रिकीब असते. इथे नुसत्या मांड्या, कंबर आणि एक मूठ. जांघा निळ्या-काळ्या, हासळीच्या हाडात स्टीलच्या पट्ट्या, मनगटं वाकडी जुळलेली. सगळे पंचविशीचे, म्हाताऱ्यासारखे टेबलवरून उतरतात. कुठे दुखतं? सगळ्यांचं एकच उत्तर: कुठेच नाही. मग आलात कशाला? मसाजला. गाढवं.
पोस्टरवरचा एक आहे, वाल्दिर परेरा, ब्राझीलचा. हा मात्र चौतिशीचा. माझं माहेरचं आडनाव परेरा हे कळल्यावर उठून बसला. "प्रीमा!" म्हणजे चुलतबहीण. म्हटलं, पोर्तुगीज पाद्र्यांनी जगभर नावं वाटली म्हणून नाती लागत नाहीत. हसला. पुढचे दोन दात खोटे.
"मान जड आहे तुझी," मी.
"दुखणं म्हणजे आवाज, प्रीमा. मी ऐकत नाही."
वीस वर्षं हे काम करते. असल्या वाक्यांनीच माझं पोट भरतं.

२०, मंगळ.
वाल्दिरची टोपी उचलून टेबलाच्या गादीवर ठेवली, तर हा ओरडला. पलंगावर टोपी म्हणजे मरण. मरण नाही तर हाड तरी मोडणारच. अर्धा तास तोंड पाडून बसला. सहाशे किलोच्या जनावरावर बसायला भीत नाही आणि टोपीला घाबरतो! खुंटीवर टांगली तेव्हा कुठे पालथा पडला.
राइडच्या आधी हे लोक काय करतात ते आज पाहिलं. जेवत नाहीत. वाल्दिर मोठ्या चेंडूवर बसतो, डोळे मिटून, एक हात वर. मनातल्या मनात बैल उडवतो. मी विचारलं, काय विचार करतोस? "विचार केला तर उशीर होतो. बैलाचे खांदे बघायचे, हनुवटी छातीला लावायची, बाकी कंबरेला कळतं."
विचार करायचा नाही, हे शिकायला याने पंधरा वर्षं घालवली. आमच्या विन्सीला जन्मतःच येतं.

२३, शुक्र.
वाल्दिर पडला. खांदा आणि मानेवर. उठला, हात वर केला, टाळ्या. टेबलवर आला तेव्हा उजवा हात पोटाशी धरलेला. दोर धरतो तोच. जळतंय म्हणाला, मग म्हणाला, जळत नाही.
डॉक्टर दुसऱ्या एकाच्या बरगड्या बघत होते. तिथूनच ओरडले, "मान तपास, ताकद तपास, दोन्ही हात सारखे असतील तर पुढच्या शुक्रवारी फायनलला बसू दे. पोस्टरवर तोच आहे."
मान फिरते. मुंग्या? नाही. ग्रिप मीटर बंद, त्याचे सेल गळून किती महिने झाले, सांगून तोंड दुखलं. मग हातानेच. समोरासमोर, त्याच्या उजव्यात माझा उजवा, डाव्यात डावा. दाब. उजव्याने असा दाबला की माझ्या डोळ्यांतून पाणी. लिहिलं, दोन्ही सारखे. डॉक्टरांनी तेवढ्यावर ओके दिला.
राक्षसी पकड आहे मेल्याची.

२५, रवि.
आज मांडव नाही, गुदैबियातलं आमचं क्लिनिक, सकाळपासून गुडघे नि पाठी. लोणच्याची बरणी उघडेना, विन्सीने उघडली. "डॉक्टरांना दाखव की अंगठा." म्हटलं, तू गप्प बस.
दाखवू कसा? पुढच्या महिन्यात व्हिसा रिन्यूअल. फिजिओचा अंगठा गेला म्हणजे न्हाव्याची कात्री गेली. बाहेर दोन पोरी सीव्ही घेऊन बसल्यात, दोघींचे अंगठे शाबूत. लांब बाह्यांचा कोट घालते, आत पट्टा. रोज दुपारी गोळी. दुपारनंतर कसंबसं निभतं.

२७, मंगळ.
हे नीट लिहून ठेवते.
मांडवामागे चार दोरांवर पिंप टांगलंय, त्यावर हे लोक सराव करतात. वाल्दिर पिंपावर होता. दोराचं शेपूट करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधून घालून मूठ आवळत होता. आधी असं करत नव्हता.
"हे काय नवीन?"
"असं बांधलं की दोर हातातून सुटत नाही."
"आणि तू पडलास तर?"
"तरी सुटत नाही." हसला. म्हणजे माणूस खाली, हात वर अडकलेला, आणि बैल उड्या मारतोय. हे त्याने चहा मागावा तसं सांगितलं. मग चहाही आला, इथला दाट करक, कप त्याने डाव्या हाताने घेतला.
तेवढ्यात मला म्हणतो, "प्रीमा, शुक्रवारी मी दाबलं तेव्हा तू रडलीस. दाखव." मी हात मागे घेतला. त्याने धरलाच. कोटाची बाही वर केली, माझा पट्टा बघून तोंड वाकडं केलं. स्वतःची टेप काढली, दातांनी तोडली, मनगटावरून, अंगठ्याच्या बुंध्याभोवती, परत मनगटावर. दर राइडला स्वतःचं मनगट बांधतो, एका हाताने.
ठणका थांबला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. मला इतका राग आला! लोकांचे सांधे बांधून मी घर चालवते, आणि हा माकड...
त्या रागात दोन्ही हात पुढे केले. "दाब."
डावा: बोटं मोडतील असा.
उजवा: काहीच नाही. ओलं फडकं.
परत दाब म्हटलं. परत तेच. दोघेही हातांकडे बघत राहिलो.
"दोन बोटं झोपलीत," तो म्हणाला. "शुक्रवारपर्यंत उठतील."
"नाही उठली तर?"
"तू सांगणार नाहीस. तुझंही तू सांगितलं नाहीस."

२८, बुध.
म्हणजे त्या शुक्रवारी मला जे लागलं ती त्याची ताकद नव्हतीच. माझाच अंगठा होता. हात नुसता हलवला असता तरी डोळ्यांत पाणी आलं असतं. माझं दुखणं मी त्याची पकड म्हणून लिहिलं, खाली सही केली.
दोन आठवडे या लोकांना गाढव म्हणतेय. दुखतं कुठे? कुठेच नाही. मीही तेच म्हणते, फक्त टोपी घालत नाही.
विन्सीला सगळं सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "सांगून टाक." मग म्हणाला, "व्हिसा झाल्यावर सांगितलंस तर?" हा माझा नवरा. बरं, मला काय पहिल्यांदा हेच सुचलं नव्हतं?

२९, गुरु.
वाल्दिरला गाठलं. म्हटलं, तूच सांग डॉक्टरांना, मान दुखते म्हण, विषय खलास.
ऐकून घेतलं. म्हणाला, "रायडर स्वतः उतरत नाही, प्रीमा. एकदा उतरला की पुन्हा कुणी पिंजरा उघडत नाही त्याच्यासाठी. थांबवायचं काम फिजिओचं. म्हणून तर फिजिओ ठेवतात."
"आणि मी थांबवलं तर?"
"मी तुला शिव्या देईन. मोठ्याने, सगळ्यांसमोर. वाईट वाटून घेऊ नकोस."
म्हणजे काय? थांबव म्हणतोय की नको म्हणतोय? सरळ विचारलं, तर खांदे उडवले. डावा नीट उडाला, उजवा अर्धाच. भेकड! बैलाला भीत नाहीत, एक वाक्य बोलायला भितात. सगळं दुसऱ्याच्या गळ्यात.
येताना गाडीत शिव्या घालत आले. अर्ध्या त्याला.

३०, शुक्र.
मिस्सा बुडवली. दुपारीच मांडवात आले, शो संध्याकाळी. डॉक्टरांच्या खोलीबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हे लिहितेय. आत फोन चाललाय, "इंशाल्ला, इंशाल्ला, वाल्दिर बसणार, काय टेन्शन नाय."
काय बोलायचं ते पाठ केलं. डॉक्टर, शुक्रवारचा रिपोर्ट चुकलाय. ते विचारणार, कसा चुकला? तूच लिहिलास ना? पुढचं उत्तर एकच आहे. कोटाच्या बाहीत आहे.
आल्या आल्या माझ्या खोलीत डोकावले होते. टेबलाच्या गादीवर, बरोब्बर मधोमध, टोपी. त्याचीच. खुंटी हाताशी होती, रिकामी. विसरला? टोपी विसरणारा माणूस तो नाही. मांडवामागे पिंपावर बसलेला दिसला, उघड्या डोक्याने, उजव्या मुठीत दोर बांधत. मी हाक मारली नाही, त्याने वर पाहिलं नाही. आणि ठेवलीच असेल मुद्दाम, तर संध्याकाळी मला शिव्या घालताना टोपी घ्यायला याच खोलीत येईल. ये म्हणावं.
टोपी उचलली नाही. आहे तिथेच आहे.
आतला फोन संपला. त्याने मंगळवारी बांधलेली टेप अजून हातावर होती, आत्ता दातांनी सोडवली. अंगठा लगेच ठणकायला लागला.
"कोण, ग्लोरिया काय? ये गो आत."