हिरवी चकती

३ मार्च १९१७
आलो एकदाचा! दोन दिवस गुरांच्या डब्यातून, मग नऊ मैल चिखल तुडवत, पण खऱ्या पलटणीत आलो. गिरणीत ओंडके ओढणारा हार्ली एस्टाब्रुक्स फ्रान्सच्या खंदकात बसून रोजनिशी लिहितोय, हे आईला कळवलं तर ती आधी पायमोज्यांची चौकशी करील. आमची तुकडी नऊ जणांची. कॉर्पोरल क्रॉसमन आमच्याच मिरामिशी नदीकाठचा निघाला. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, गिरणीवाले तुला कंटाळले की काय रे? सगळे खो खो हसले, मीही हसलो. चहाला पेट्रोलच्या डब्याचा वास मारतो, पण गरम मिळतो. भुयारात झोपायला पायऱ्यांजवळची फळी मला मिळाली. ती पूर्वी ओरिन टिंगली नावाच्या माणसाची होती. गेल्या महिन्यातल्या हल्ल्यात तो गेला आणि त्याचं प्रेत काटेरी तारांपलीकडेच राहिलं.

५ मार्च
इथं नवा माणूस कितीतरी दिवस नुसता ‘नव्या’ असतो. नावानं हाक मारली जाणं हा मोठा मान. आईनं पाठवलेली मेपलची साखर मी सगळ्यांना वाटली आणि तासाभरात हार्ली झालो! लाच म्हणा हवं तर. मला फार बरं वाटलं.

६ मार्च
आज दुपारी धुकं इतकं दाट पडलं की टिंगलीला आणता आलं. खंदकामागच्या उघड्या जागेत पुरायच्या कामाला कॉर्पोरल, मी आणि आणखी दोघं. आम्हा प्रत्येकाच्या गळ्यात नाव आणि नंबर ठोकलेल्या दोन चकत्या असतात. हिरवी लांब दोरीला, आणि तिलाच खाली छोट्या दोरीनं बांधलेली लाल. कॉर्पोरलनं बजावलं, छोटी दोरी काप. लाल कचेरीला जाते, हिरवी त्याची त्याच्यापाशी राहते. थडग्यावरचा क्रूस लोक चहासाठी जाळतात, तोफा सगळी माती उलटीपालटी करतात, मग कोण कुठला ते हिरवीवरूनच कळतं. ती गेली तर माणूस कुणाचाच नाही.

माझी बोटं गारठून लाकूड झाली होती. कापली ती लांब दोरी. तेवढ्यात जवळच गोळा पडला, आम्ही आडवे झालो, उठलो तर दोघांनी घाईघाईनं माती लोटलेली. दोन्ही चकत्या माझ्या मुठीत होत्या.

तोंड उघडायला हवं होतं. पण टिंगली कॉर्पोरलच्या घराशेजारचा मुलगा, आणि कॉर्पोरल बिचारा पाठ फिरवून डोळे पुसत होता. लाल तेवढी दिली. कालच मिळवलेलं नाव घालवायची माझी छाती झाली नाही. हिरवी खिशात आहे. लाज वाटते.

९ मार्च
पहाटे सगळे बंदुका घेऊन उभे असताना कॉर्पोरलनं माणसं मोजली. दहा भरली. पुन्हा मोजली, दहाच. रम चढली म्हणून सगळ्यांनी त्याची टर उडवली.

दहावा मी पाहिला. टोकाला उभा होता, कॉलर उघडी. बोटं गळ्याभोवती फिरत होती, काहीतरी चाचपत होती. उजाडलं तेव्हा तिथं कुणी नव्हतं. उद्या धुकं पडलं की चकती नेऊन पुरणार, मग काहीही होवो.

११ मार्च
लख्ख ऊन. वर डोकं काढायची सोय नाही.
टपाल आलं. आईचं पत्र असणारच, म्हणून विचारायला गेलो. कॉर्पोरल म्हणाला, हार्लीचं पत्र हार्लीला दिलं की. मी म्हटलं, मला नाही मिळालं. तो म्हणाला, तुझं नाव काय रे नव्या?
चेष्टा असेल. पण कुणी हसलं नाही.

१२ मार्च
सगळ्यांना विचारलं, साखर कुणी वाटली? हार्लीनं. अरे, तो मीच! त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं मायेनं माझ्या हातात चहा दिला, जसा डोकं फिरलेल्याला देतात.
अंघोळ नाही म्हणून शर्ट उतरवला नव्हता. आज उतरवला. माझ्या दोन्ही चकत्या कोऱ्या आहेत. अक्षर नाही, आकडा नाही. नखानं खरवडलं, काही नाही.

१३ मार्च
कॉर्पोरलला सगळं सांगितलं. लांब दोरी, खिसा, सगळं. रडलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, तू कुठल्या तुकडीतला, पोरा? आमचा हार्ली तर तो बसलाय.
पायऱ्यांजवळच्या फळीवर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. आईचं पत्र वाचत होतं. मानेवर नवी दोरी —
त्यानं वळून पाहिलं नाही. मी पळालो.

१४ मार्च. सकाळ
धुकं. निघालो. चकती मुठीत.
टिंगलीचं थडगं सापडलं. हातांनी उकरतोय. माती भुसभुशीत, मधेच थांबून लिहितो, नाहीतर विसरेन —
आत कुणी नाही. माणसाएवढी जागा आहे फक्त.
खंदकात हजेरी चाललीय. इथंवर ऐकू येतं. एस्टाब्रुक्स! — हजर. माझाच आवाज. तो घरी जाईल. आई दार उघडेल, त्याला हार्ली म्हणेल, जेवायला वाढेल —
पाय थंड पडले. खड्ड्याच्या कडेची माती आपोआप सरकतेय.
ज्याला ही वही मिळेल त्यानं माझ्या आईला कळवा. मिरामिशी, गिरणीमागचं घर. सांगा, आलाय तो तुझा नाही. तुझा मुलगा इथं आहे. त्याचं नाव लिहितो, नीट वाचा —
ओरिन टिं
नाही. नाही, माझं नाव ओरि —