फिलिपाचं पातेलं

कॅन्सस सिटी,
ता. ९ ऑक्टोबर १९५०

ती. आगाताताईस निन्फाचा सा. न. वि. वि.

तार मिळालीच असेल. परवा सकाळी सातला माझ्या गास्पारेला बाजारात, आपल्याच भाजीच्या गाळ्यासमोर गोळ्या घातल्या. बुधवारी तो सरकारी चौकशीत टोळीवाल्यांची नावं सांगणार होता. बाजारात शंभर माणसं, आणि सगळी म्हणे टोमॅटो निवडत होती! कुणी काही पाहिलं नाही.

सुतकात चूल पेटत नाही, शेजारीच जेवण आणतात. पहिली आली फिलिपा, ओराझिओची बायको. त्याच सकाळी साडेआठला मी त्याचा कोट उराशी धरून बसलेली, आणि ही वीस माणसांचं चण्याचं सूप घेऊन दारात. किती गं माया! ओराझिओ लियाचा धर्मपिता. म्हणतो, पोरीचा बाप गेला, रविवारी येऊन तिला घेऊन जातो, राहू दे आमच्याकडे. पाठवू का? जीव नुसता टांगणीला लागलाय, का ते कळत नाही.

ताई, माया असू दे.
तुझी निन्फा

बफेलो,
ता. १२ ऑक्टोबर

चि. निन्फास अनेक आशीर्वाद.

रडून घेतलं, आता ऐक. नऊ वर्षांची होतीस तेव्हापासून आईच्या हाताखाली चणे शिजवलेस. आदल्या रात्री भिजत घालावे लागतात की नाही? सातला गोळ्या आणि साडेआठला सूप! तेही वीस जणांचं, आणि त्यांच्या घरात माणसं दोन. वेडाबाई, तुझं तोंड बंद ठेवायला पोरगी हवीय त्यांना; लियाला त्या उंबऱ्यावर पाय ठेवू देऊ नकोस. पातेलं रिकामं परत करायचं नसतं; साखर घालून दे, गोड हस, आणि लेकीला घेऊन निघ.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आगाता

सेंट लुई,
ता. १५ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

रागावू नकोस, साखर नाही घातली. काल पातेल्यात भिजवलेले चणे भरून फिलिपाच्या हाती दिले. तिने झाकण काढून पाहिलं आणि झटकन परत लावलं. मग कानात म्हणाली की ओराझिओ उद्या नाही, आज संध्याकाळीच पोरीला न्यायला येणार, दुपारची गाडी गाठ. गाठली. चार दिवस इथल्या मठात राहते. थेट तुझ्याकडे आले तर टोळीवाले माग काढत तुझ्या दारी येतील.

पोलीस विचारत होते, संशय कुणावर. काय सांगणार? चण्यांची साक्ष कोर्टात चालते होय?

लिया सुखरूप आहे. मला मात्र फिलिपाचा धड रागही येत नाही, धड कीवही येत नाही. आदल्या रात्री तिने आमच्यासाठी चणे निवडले, धुतले, भिजत घातले. आमचं घर तिथून तीन दारांवर. एक निरोप नाही गं धाडला.

तुझ्याच आधाराची,
निन्फा