मागच्या खोलीतली व्यायामशाळा

आई, तू आमच्याकडे राहायला आलीस तेव्हा ज्या मागच्या खोलीत झोपायचीस, तिथे आता माझी व्यायामशाळा आहे. हसू नकोस. एक सायकल आहे, जी कुठेही जात नाही. एक लांबट बाक आहे, दोन डंबेल्स आहेत आणि त्यांचं वजन कमी-जास्त करायला लोखंडी चकत्या. रबरी पट्टे दारामागच्या हुकाला अडकवलेले असतात. तू असतीस तर पहिल्याच दिवशी त्या सायकलीवर परकर वाळत घातले असतेस, आणि तुझ्या जावयांनी तुझीच बाजू घेतली असती.

लहानपणी तू मला काही उचलू द्यायची नाहीस. नळाला पाणी आलं की खालून बादल्या भरून आणायच्या असत. मी भरलेली बादली धरली की तू ओरडायचीस, "ठेव ती खाली! मुलीच्या जातीनं एवढं वजन उचलू नये, पुढे कंबर धरते." आणि स्वतः दोन हातांत दोन बादल्या घेऊन जिना चढायचीस. मग तू कोण होतीस, असं विचारायची माझी छाती नव्हती. मी आपली कळशी घेऊन तुझ्या मागून यायचे.

आणि मग तो कोथरूडमधला, आमच्या ह्याच घरातला दिवस. मी बँकेतून येते, चपला काढते, तर स्वयंपाकघरात तू विळीपाशी बसलेली. गवार चिरून झालेली, ताटात नीट ढीग केलेला. "अगं, जरा हात दे," तू म्हणतेस, "मघापासून उठताच येत नाहीये." मघापासून म्हणजे दुपारच्या चहापासून, हे मला नंतर कळलं. तू पडली नव्हतीस, कुठे लागलं नव्हतं. पायांनी नुसतं ऐकायचं सोडलं होतं. मी तुझ्या काखेत हात घालते, ओढते, पुन्हा ओढते, आणि तू जागची हलत नाहीस. मी चाळिशीतली धडधाकट बाई, आणि मला माझी आई उचलता येत नाही. शेवटी वॉचमनला आणि वरच्या मजल्यावरच्या एकांना बोलावलं. दोन परक्या पुरुषांनी तुला उचलून खुर्चीत ठेवलं, आणि तू तेवढा वेळ फक्त पदर सारखा करत होतीस. ते गेल्यावर म्हणालीस, "आता मला कुठेही खाली बसवू नका."

त्यानंतर विळी माळ्यावर गेली. हळदीकुंकवाला गेलीस तरी तू सतरंजीच्या कडेला खुर्ची आहे का ते बघायचीस, आणि मग जाणंच सोडलंस. तुझं जग खुर्चीच्या उंचीवरून सुरू व्हायला लागलं. डॉक्टरांच्या कागदावर तुझ्या जाण्याचं कारण निराळं आहे, पण मला विचारशील तर तू त्या संध्याकाळपासूनच थोडी थोडी जायला लागली होतीस. मला फार राग येतो त्याचा, अजूनही.

आता मीही तुझ्या तेव्हाच्या वयाची झाले. मागच्या संक्रांतीत शेजारच्या इमारतीत हळदीकुंकू होतं. मी सतरंजीवर मांडी घालून बसले, गप्पा मारल्या, तिळगूळ खाल्ला, आणि उठताना माझा हात आपोआप शेजारणीच्या खांद्यावर गेला. तिला काही वाटलं नाही. मी मात्र वाण घेऊन तडक निघाले. घरी येऊन ह्यांना म्हणाले, "अहो, मला दोन पुरुषांनी उचललेलं चालणार नाही." हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "मला एकट्याला तर जमणारच नाही."

कर्वेनगरला एक फिजिओथेरपीवाली मुलगी आहे, नातीच्या वयाची. तिने मला खुर्चीतून हात न लावता उठायला लावलं, आणि तिसऱ्या खेपेला मी धपकन बसले. "काकू, तुम्ही रोज चालता ते छान आहे," ती म्हणाली, "पण नुसतं चालून जमिनीवरून उठता येत नाही. मांड्यांत ताकद लागते. वजन उचलायला लागेल." तुझी बादली आठवून मला हसूच आलं.

मग बिबवेवाडीतल्या एका दुकानात गेलो. तिथला विक्रेता आम्हाला बघताच ट्रेडमिलकडे धावला. "मॅडम, हा घ्या, एकदम बेस्ट. स्पीकर आहे, घडीपण होतो." मी म्हटलं, "चालायला आमच्याकडे रस्ता आहे. त्याची घडी घालावी लागत नाही." शिवाय खालच्या मजल्यावरचे काका, ज्यांना आमच्या पाटावरवंट्याचाही आवाज होतो, त्यांनी ट्रेडमिलच्या दुसऱ्याच दिवशी जिन्यात पाटी लावली असती. म्हणून चुंबकावर चालणारी, आवाज न करणारी सायकल घेतली. बाकावर दुकानातच बसून तो चारही बाजूंनी हलवून पाहिला. डंबेल्स बदलत्या वजनाची घेतली, म्हणजे ताकद वाढली की नुसती चकती वाढवायची. हे म्हणाले, "वाढली तर." मी एक चकती जास्तच मागून घेतली.

पहिले काही आठवडे फार हसं झालं. सायकलीची सीट एवढी खाली होती की गुडघे हनुवटीला लागायचे. पॅडल तळाशी गेलं की गुडघा जेमतेम वाकलेला हवा, हे त्या मुलीने येऊन दाखवलं. वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही, सोडायचा. पाठीतून नाही, खुब्यांतून वाकायचं. शेवटचं एक-दोनदा उचलणं जड गेलं पाहिजे. हलकं वाटलं तर चकती घाला, अंग वेडंवाकडं व्हायला लागलं तर काढा. एवढंच शास्त्र आहे, आई. मी एक चकती घातली, मग दुसरी, आणि दर वेळी ह्यांना बोलावून दाखवली.

आता प्लॅस्टिकचं सांगते. नवी वस्तू आली की तिचं प्लॅस्टिक काढायचं नाही, हे तुझंच वळण. आपल्या फ्रिजच्या हँडलवरचं प्लॅस्टिक फ्रिज भंगारात जाईपर्यंत होतं. मीही बाकावरचं ठेवलं, घामाने रेक्झिन खराब होऊ नये म्हणून. ती मुलगी म्हणाली, "काकू, ते काढा, घसराल." मी म्हटलं, "दिवाळीला काढू."

दिवाळीपर्यंत थांबावं लागलं नाही. एका सकाळी डंबेल्स घेऊन बाकावर बसले होते, घाम आला होता, आणि सर्रकन घसरून मी जमिनीवर. डंबेल्स धाडकन मॅटवर. हे चहाचं गाळणं हातात घेऊन धावत आले. "हलू नकोस! अजिबात हलू नकोस! मी वॉचमनला आणि खालच्या काकांना आणतो." "अहो, थांबा तरी," म्हणेपर्यंत हे जिन्यात पोचलेसुद्धा. आणि मी तशीच बसलेली. तीच फरशी, आणि तसेच दोन पुरुष येणार.

कुठे लागलं नव्हतं, ते आधी चाचपून पाहिलं. मग एका कुशीवर वळले, हात-गुडघ्यांवर आले, एक पाऊल पुढे रोवलं. बाक हाताशी होता, त्याला हात लावला नाही. श्वास सोडला आणि टाचेवर जोर दिला. आणि उठले! आई, मी उठले, सरळ, एका दमात, कोणाचाही खांदा न धरता!

खालचे काका धापा टाकत आत आले. "कोणाला उचलायचंय?"

"कोणालाच नाही. आलाच आहात तर ती डंबेल्स कोपऱ्यात ठेवा."

त्यांनी एक उचलायला घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं. "आमचा जिना फुकट गेला म्हणायचा," एवढं बोलून ते उतरले. वॉचमन तोंड फिरवून हसत होता. हेच मटकन त्या बाकावर बसले, आणि चहा मी केला.

प्लॅस्टिक त्याच दिवशी कात्रीने कापून काढलं. या दसऱ्याला बाकाला आणि सायकलीला झेंडूची माळ घातली, डंबेल्सना हळदकुंकू वाहिलं, आणि पूजेला ऐटीत खाली बसले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. ह्यांनाही हे ठाऊक नाही. मी उठले तेव्हा ती माणसं अजून जिन्यात होती, पावलं ऐकू येत होती. तेवढ्यात मी पुन्हा खाली बसले, नीट मांडी घालून, आणि परत उठले. दुसऱ्या वेळी तुला घेऊन उठले.