हुंदके कापलेला ढावलो

याडी,

धाकटीच्या पोरीचं लग्न ठरलं आहे. तुझ्या मांडीवर बसून तुझ्या कानाजवळ लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या ओढणारी ती नात आता शहरात नोकरी करते, आणि सासरी निघताना तिला रीतीप्रमाणे गळ्यात पडून रडत ढावलो म्हणायचा आहे. आजकालच्या तांड्यातल्या पोरींना त्याची लाज वाटते, हिला हौस आहे. धाकटीचा फोन आला तो त्यासाठीच. म्हणाली, "भिया, मला अर्धामुर्धाच येतो. माह्या लग्नात मी याडीच्या गळ्यात पडून तिच्या मागं मागं म्हनत गेले, ध्यानात कुठं ऱ्हाते? तुह्याकडं याडीचा टेप केलेला हाय ना? ती वाजंत्रीवाली सीडी नको. तो पहिला दे, रडन्याचा." त्या पहिल्याबद्दलच तुला लिहितो आहे. तुला वाचता येत नव्हतं आणि मला आपली तांड्यावरची बोली लिहिता येत नाही, शाळेत मराठीच गिरवली. फक्त हाक मारताना आई असं लिहायला हात धजेना, म्हणून याडीच राहू दिलं.

धाकटीचं लग्न झालं ते नव्वदच्या दशकात, साखऱ्याकडच्या आपल्या तांड्यावर. तेव्हा मी जवळा बाजारला कॅसेटचं दुकान टाकलेलं होतं आणि लग्नाकार्यात भोंगे लावायचो. सख्ख्या बहिणीच्या लग्नातही मी पाहुण्यासारखा न वावरता वायरी जोडत फिरत होतो, आणि त्याचाही मला तोरा होता. दुपारी जीप दारात लागली, तू धाकटीला गळ्याशी धरलंस आणि ढावलो सुरू झाला. मी सिनेमाची गाणी बंद केली. त्या दिवशी मी केलेली एवढीच शहाणपणाची गोष्ट. तू एक ओळ म्हणायचीस, ती हुंदक्यात तुटायची, आणि तुटली तिथून धाकटी उचलायची. मग काकू, मग शेजारच्या बाया, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात. बा पारावर पाठ करून बसला होता, कारण बाप्यांनी तिथं बघायचं नसतं. मी मात्र अॅम्प्लिफायरच्या मागून सगळं ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, हे धरून ठेवलं पाहिजे. माझ्या सगळ्या नासाडीची सुरुवात या चांगल्या विचारानं झाली.

स्टुडिओ उभा राहायला पुढं सात-आठ वर्षं गेली. स्टुडिओ म्हणजे काय, जवळा बाजारच्या घरामागची पत्र्याची खोली. दुसऱ्याचा जुना कॉम्प्युटर, नांदेडहून आणलेला एक माईक, भिंतींना अंड्यांचे ट्रे, छताला अडत दुकानातून मागून आणलेला बारदाना. तरी आवाज घुमायचाच. मग मी तुला गोधड्या शिवायला सांगितल्या. जुन्या लुगड्यांच्या जाड गोधड्या, एका भिंतीला एक, आणि दाराला दोन. अख्खा उन्हाळा तू सुई घेऊन बसलीस. खिळे ठोकून मी त्या भिंतीला लावत होतो तेव्हा तू उंबऱ्यात उभी राहून हसलीस, "भिताडाला थंडी वाजून राहिली काय रे?" मी चिडलो. ध्वनी म्हणजे काय, घुमणं म्हणजे काय, असं मोठं भाषण दिलं तुला. तू निमूट ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "बरं बाबा, तुला कळते." त्या खोलीत मी पुढं जयंतीची गाणी भरली, बियाण्यांच्या दुकानाच्या जाहिराती भरल्या, पण दारावर पाटी लागली तेव्हाच ठरवलं होतं की पहिलं रेकॉर्डिंग तुझं.

तू आलीस तो दिवस मला मिनिटामिनिटानं आठवतो. बाजाराचा दिवस टाळला होता, गलका नको म्हणून. लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीवर होतं, दुपारी तीन तास लाईट मिळणार होती. तू माईकसमोर पाटावर बसलीस, हात हलवलास आणि मनगटापासून दंडापर्यंतच्या सगळ्या चुड्या खळखळल्या. हेडफोनमध्ये तो आवाज पत्रे पडल्यासारखा आला. मी मान वर न करताच म्हणालो, "याडी, तो चुडा काढून ठेव जरा." मी मान वर केली तर तुझा चेहरा उतरला होता. "तुहा बा वावरात हाय. चांगला जिता हाय. अन् तू मला चुडा काढ म्हनतू?" नवरा असेपर्यंत दंडातला चुडा उतरत नाही, हे तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं असं नाही. माईकपुढं बसलो की मला बाकी काही ठाऊकच राहायचं नाही. मी माफी मागायला हवी होती, मी घड्याळ बघत होतो. तूच मग पिशवीतून फडकं काढलंस, त्याच्या चिंध्या केल्यास आणि दोन्ही हात मनगटापासून वर करकचून गुंडाळून घेतलेस. हात मोडलेल्या माणसासारखी तू बसली होतीस, आणि मी म्हणालो, आता बराबर.

मग तू विचारलंस, "कोनाच्या गळ्यात पडू?" मला प्रश्नच कळला नाही. तू समजावून सांगितलंस की ढावलो असा एकटीनं म्हणत नाहीत, समोर गळा लागतो, निदान सूनबाईला तरी आत येऊ दे. बायको दाराशीच उभी होती, यायला तयार होती. मी नको म्हणालो. दोन बायांच्या श्वासांचा, लुगड्यांचा आवाज येतो, माईक एकच आहे. तू माईकच्या लोखंडी दांडीकडं पाहत सुरुवात केलीस. दुसऱ्या ओळीला गळा भरून आला आणि मी हात वर करून थांबवलं. पुन्हा सुरुवात, पुन्हा हुंदका, पुन्हा हात. "याडी, रडू नको, नुसतं म्हण." किती वेळा म्हणालो असेन हे. शेवटी तू हात जोडलेस. "रडनं कुठं सरते अन् म्हननं कुठं लागते, ते मला न्हाई कळत रे लेकरा. एकच हाय ते." मग मीच मोठ्या मनानं म्हणालो, चल, कसंही म्हण, मी नंतर साफ करतो. तू डोळे मिटलेस. कुणाला समोर आणलंस माहीत नाही, धाकटीला की तुझ्या स्वतःच्या याडीला, पण एका दमात सगळा म्हणालीस, रडत, थांबत, नाक पुसत. लाईट जायच्या आत झालं. तू उठलीस आणि आधी चिंध्या सोडल्यास. हातांवर वळ उठले होते.

पुढचे चार दिवस मी साफ करत होतो. स्क्रीनवर आवाजाची रेघ दिसते, हुंदका आला की ती फुगते. ती जागा निवडायची, कापायची आणि दोन टोकं जोडायची. खाली कीबोर्ड टाकला, ढोलकीचा ठेका टाकला. सीडी घेऊन मोटरसायकलवर तांड्यावर आलो. तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर सगळ्या बाया जमल्या होत्या. मी तिथंच सीडी लावली, गाणं संपलं. मग त्या आंधळ्या म्हातारीनं, जिनं तुम्हा सगळ्यांना ढावलो शिकवला होता, विचारलं, "कोन बाई हाय ही? चांगली म्हनून राहिली. पन हिला कोनीच न्हाई काय?" तू माझ्याकडं पाहिलंस आणि पटकन म्हणालीस, "मीच हाय की. पोरानं केलं समदं, लई तकलीफ घेतली त्यानं." आणि चुलीवर भाकर आहे म्हणून घरात गेलीस. मी तिथं उभा राहून म्हातारीवरच रागावलो होतो.

सीडी खपली नाही. थोड्याच वर्षांत लोक गाणी मोबाईलच्या कार्डात भरून घेऊ लागले, दुकान बसलं, आणि पत्र्याच्या खोलीत आता सोयाबीनची पोती असतात. तू गेलीस तेव्हा बा होता, चुडा घालूनच गेलीस. तुझी तिरडी उचलताना बाया ज्या रडल्या ते मी टेप केलं नाही. एवढी अक्कल तोवर आली होती, पण उशिरा आलेल्या अकलेचा कुणाला काही उपयोग नाही. ती म्हातारी गेली, काकू गेल्या. आपल्या तांड्यावर आता सबंध ढावलो येणारी एकही बाई उरलेली नाही. धाकटी म्हणते, शब्द जुळवता येतील, पण हुंदका कुठं घ्यायचा, कुठल्या शब्दाला गळ्यातला हात घट्ट करायचा, ते कागदावरून कसं शिकवायचं?

मी तिला सांगितलं की कॉम्प्युटर जळाला. लोडशेडिंगनंतर एकदम जादा दाबानं वीज आली आणि त्यात सगळं गेलं. तिनं लगेच विश्वास ठेवला. आपल्याकडं विजेवर काहीही ढकललं तरी खपतं. खरं असं आहे की निवडणुकीतल्या कुठल्याशा पॅनेलच्या प्रचाराची गाणी भरायची होती, कॉम्प्युटरमध्ये जागा उरली नव्हती, आणि तुझा तो रडण्याचा ढावलो मी माझ्या हातानं पुसला. तू तेव्हा जिवंत होतीस. लागला तर पुन्हा बोलावू याडीला, असं मनात आलं होतं, आणि इतकं तर साफ झालंच आहे, कचरा कशाला ठेवायचा, असंही आलं होतं. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायचं नाही. धाकटीपर्यंत पोचू शकतं, पण तिला मी ते देणार नाही, घडी करून माझ्याच पेटीत ठेवणार आहे. फोनवर मी गप्प झालो तर तिला वाटलं मला रडू येतंय. म्हणाली, "जाऊ दे भिया, तुहा काय दोस त्याच्यात? तू व्हतास म्हनून तेवढा तरी आवाज राहिला." पाच मिनिटं ती मलाच समजावत होती, आणि मी तिला समजावू दिलं.