साहेबांनी तब्येत विचारली

ती. मामांच्या पायाशी डोकं ठेवते.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींची शुगर उतरली का? (चौकशी केली म्हणून दचकू नका, मी मीच आहे. हल्ली आमच्या ऑफिसात तब्येत विचारणाऱ्यालाच आधी संशयित धरतात. का, ते सांगते.) आई गेली, तुम्ही चार दिवस राहून परत गेलात, आणि तुमची पाठ वळते न वळते तोच माझ्या नोकरीवर गदा आली.

आमच्या पंपांच्या कारखान्यात पैसे पाठवायचं टेबल माझं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आई ज्या दिवशी गेली त्या दिवशी दुपारी कॉम्प्युटरवर साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. तेच टक्कल, तोच नाकावर घसरलेला चष्मा, मागे तेच वाळलेलं झाड. नव्या पुरवठादाराला ताबडतोब पैसे पाठवा म्हणाले, बोभाटा नको. मी पाठवले. खरे साहेब त्या वेळी दातांच्या डॉक्टरकडे आ वासून पडले होते. चेहरा, आवाज, झाड, सगळं कुणा भामट्यानं एआयवर बनवलेलं! (रक्कम लिहीत नाही, तुमचं बीपी वाढेल.)

आता चौकशी समिती बसलीय. तीत स्वतः साहेब, एक वकीलबाई आणि एक कॉम्प्युटरतज्ज्ञ. तिघांचा मिळून एकच प्रश्न, तुम्हाला संशय कसा आला नाही? अहो, आला होता की! तो माणूस मला चक्क 'बाई' म्हणाला (खरे साहेब 'ओ पेमेंट' अशी हाक मारतात). वर विचारलं, 'आईंची तब्येत कशी आहे?' मामा, इतक्या वर्षांत या माणसानं मला पाणी हवंय का असंसुद्धा विचारलेलं नाही. मला वाटलं, उशिरा का होईना, दगडाला पाझर फुटला. मला हुंदकाच आला, आणि डोळे भरलेले असताना खातेक्रमांक कसला तपासते मी कपाळ! तज्ज्ञ म्हणतो, भामट्यांनी ऑफिसची सगळी मेल वाचली होती, त्यात आईच्या आजारपणासाठी केलेला माझा रजेचा अर्ज होता. साहेबांनी तो उघडलाच नव्हता. चोरांनी वाचला. मी हे तोंडावर बोलले, तेव्हा साहेब चष्मा पुसत बसले.

पुन्हा असं होऊ नये म्हणून नियम निघालाय. पैशांसाठी कॉल आला की तो बंद करायचा, आपल्याकडच्या नंबरवर आपण उलट फोन करायचा आणि खुणेचा शब्द विचारायचा. शब्द साहेबांनी ठरवला, आणि कुणी विसरू नये म्हणून नोटीस बोर्डावर लावला. माझं टेबल काढून घेऊन मला फोनवर बसवलंय. काल नियमाप्रमाणे मी साहेबांना शब्द विचारला. त्यांना आठवेना. चिडून मला बिनडोक म्हणाले. मी ताबडतोब ओळखलं.

सोमवारी निकाल आहे. घरात मिळवती मी एकटी. भीती वाटते, मामा.

तुमची भाची (खरी)

ता. क. माझ्या आवाजात कुणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या. मी उपाशी मरेन, पण फोनवर मागणार नाही.

ता. क. आणखी एक, आणि खरं तर पत्र यासाठीच. पैसे गेल्यावर तो भामटा म्हणाला, 'आता घरी जा, आईंजवळ बसा. इथलं मी बघतो.' (बँकेनं खात्री करायला फोन केला तर उचलायला मी जागेवर नसावी, म्हणून.) मी पर्स उचलून धावत सुटले. संध्याकाळी आई माझ्या मांडीवर गेली. तुम्ही तेव्हा रडत म्हणालात, तुझे साहेब देवमाणूस, वेळेवर सोडलं, मी त्यांना आभाराचं पत्र लिहितो. मामा, लिहिलं असेल तर टाकू नका. सुटी होईपर्यंत जागेवर होते असं मी समितीला सांगितलंय. त्या मेल्याला फासावर लटकवावं असं वाटतं, आणि आईचा हात आठवला की तेही वाटेनासं होतं. आभार मानल्याशिवाय चैनच पडत नसेल, तर ज्याचे मानायचे त्याचा पत्ता पोलीसही शोधतायत. मिळाला तर मलाही हवाय.