तीनदा विचारायचं असतं

तीर्थरूप आजोबांना साष्टांग नमस्कार (खरोखरच साष्टांग, कारण मी जमिनीवर पालथी पडून लिहितेय). तुमचा गुडघा कसा आहे? इकडे आई आणि मी ठणठणीत आहोत. फक्त या देशात आल्यापासून मला धक्क्यावर धक्के बसताहेत, आणि त्याला कारण तुम्ही आहात. रागावू नका, आधी वाचा.

कोणी काही दिलं की अधाशासारखा हात पुढे करायचा नाही, दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'थोडंसं चालेल' म्हणायचं, हे मला कोणी शिकवलं? आजोबा, इथे एकदाच विचारतात! पहिल्याच दिवशी आईच्या नव्या नवऱ्यांनी (मी त्यांना मनातल्या मनात कुलूपवाले म्हणते, कारण घराखालीच त्यांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे, तोंडाने अजून काहीच म्हणत नाही) मला केकचा दुसरा तुकडा हवा का विचारलं. मी रीतीप्रमाणे नको म्हटलं, आणि त्यांना सोपं जावं म्हणून बशी हळूच पुढे सरकवली. त्यांनी ती उचलली, धुतली आणि पुसून कपाटात ठेवली! मी बघतच राहिले. आपल्या शेजारच्या काकूंनी अशा वेळी मला कोंबून कोंबून खाऊ घातलं असतं. मग तो लाल कोट. कपड्यांच्या दुकानात अंगात घातलेला, अगदी मापाचा, आत मऊ अस्तर. त्यांनी विचारलं, घेऊ का? मी म्हटलं, नको, कशाला उगाच. झालं, कोट परत खुंटीवर! घरी येईपर्यंत माझे दात वाजत होते आणि कुलूपवाले आईला म्हणत होते, पोरीला थंडी लागत नाही वाटतं.

पण रविवारी कहर झाला. आमच्या दाराशी किल्ल्या अडकवायला खिळे आहेत, एक त्यांचा, एक आईचा. त्यांनी तिसरा ठोकला, बराच खाली, माझा हात पोचेल असा, आणि विचारलं, तुला घराची किल्ली करू का? आजोबा, मला ती फार फार हवी होती. रोज शाळेतून आले की मी दुकानाच्या दारात पाहुणीसारखी उभी राहते, कुणीतरी वर येऊन कुलूप उघडेपर्यंत. आणि माझ्या मेल्या तोंडातून काय निघालं? नको! ते हातोडी घेऊन खाली गेले. नंतर ते आईला सांगत होते की घाई नको करायला, तिला हे घर अजून आपलं वाटत नाहीये. मला रडूच फुटलं. (लिहिताना आत्ता लक्षात येतंय, तुमच्या घरी मी कधीच नको म्हणत नव्हते. विचारायच्या आधीच डबा उघडायचे.)

तेव्हा तुम्ही वडीलधारे आहात, तुम्हीच फोन करून त्यांना सांगा की अजून दोनदा विचारायचं राहिलंय. मी सांगू शकत नाही. तोंडाने मागणं म्हणजे हावरटपणा, हेही तुम्हीच शिकवलंत.

तुमची, शिस्तीपायी उपाशी राहिलेली
नात

ता. क. फोन करू नका. आईने मागे उभं राहून सगळं पत्र वाचलं (शोभतं का हे?) आणि हसत खाली पळाली. लगेच कुलूपवाले वर हजर. किल्ली करू का? सवयीने नकोच निघालं. ते हलले नाहीत. पुन्हा विचारलं, पुन्हा नको. आई जिन्यातून त्यांना तीन बोटं दाखवत होती. तिसऱ्यांदा विचारताना त्यांचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, बरं, अर्धी चालेल. त्यांनी खिशातून किल्ली काढली. केव्हाचीच केलेली होती.

आणखी एक. आम्ही निघताना त्यांनी तुम्हालाही येता का विचारलं होतं आणि तुम्ही नको म्हणालात. सगळ्यांनी खरं धरलं, मीसुद्धा! आता दाराशी चौथा खिळा ठोकलाय, तुमच्या खांद्याच्या उंचीवर. आजोबा, येता का? हे दुसऱ्यांदा विचारलं. पत्र पोचायला फार दिवस लागतात, म्हणून तिसऱ्यांदाही इथेच विचारते. येता का? आता तुम्ही 'थोडे दिवस चालेल' म्हणायचं असतं.